बाबांची पाण्याची बाटली

संघपालशी माझी ओळख झाली ती बाबांच्या लघवीवरून. प्रेमकथा अशी सुरू करू नये, कळते मला… पण झाली तशी.

रेडिएशनच्या खोलीबाहेर प्रोस्टेट कॅन्सरचे पेशंट पाण्याच्या बाटल्या घेऊन बसतात. मूत्राशय भरलेलं असलं की किरणांचा नेम नीट बसतो, म्हणून पाणी प्यायचं आणि कळ दाबून थांबायचं. नंबर आला, तर बाबा नेमके बाथरूममध्ये.

"रामाजी रिकामे झाले का?" दारातल्या चष्मेवाल्यानं, म्हणजे संघपालनं, विचारलं. "मग पुन्हा पाणी पाजा. अन् बसा."

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही जी. मशीनचं गणित पाहतो. अन् एमआरआयवरून कोणाचा आजार उलटेल, त्याचा अंदाज कॉम्प्युटरले करता येते का, ते तपासून राहिलो."

"मग आमच्या बाबांचं सांगा ना."

त्यानं चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा रिकामे. तेव्हा संघपालनं कोण्या पेशंटचं, नाव पुसलेलं जुनं एमआरआय चित्र दाखवलं. गाठीची कड दोन डॉक्टरांनी आखलेली, रेषा जराशाच वेगळ्या. एका रेषेवर कॉम्प्युटर म्हणे, आजार उलटणार नाही. दुसरीवर म्हणे, उलटेल.

"मग याचा उपयोग काय?"

"तो कुठं डगमगते, हेच तर शोधून राहिलो."

प्रताप नगरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान. म्हटलं, "आमच्याकडेही माप एकच, अन् दोन कारागीर दोन जागी खडू मारतात."

तो हसला. डावीकडून जरा जास्त हसतो, हे मी तेव्हाच पाहून ठेवलं.

बाबा चुकत राहिले, आमचा चहा होत राहिला. एक दिवस कपाकडे बघत तो म्हणाला, "दीप्ती… माझ्याशी लग्नाचा विचार करशील?"

"बाबा पक्के बरे होतील म्हण. मग करते."

"शक्यता चांगली आहे. पक्कं… नाही म्हणता येत."

खोटं बोलला असता तर काय गेलं असतं त्याचं? मी बाटली उचलून दूरच्या बाकावर जाऊन बसले.

शेवटच्या दिवशी बाबा कळ दाबून बसले, नंबर येताच थेट आत. बाहेर आल्यावर म्हणाले, "पहिल्यांदा चूक झाली. मंग मुद्दाम जाऊन राहिलो. तुमाले बोलाले टाइम भेटावा म्हणून."

"बाबा…"

"ऐकलं मी सारं. तू त्याले पक्कं काहून मागतं वं? मले कोणी पक्कं देलं का? तरी मी रोज आलो ना… सरक आता, जाऊ दे मले." आणि बाबा बाथरूमकडे पळाले.

संघपाल दारातच उभा होता. कानापर्यंत लाल.

"आपलं जमेल का रे?" मी विचारलं.

"शक्यता चांगली आहे…" तो अडखळला. "अंदाज थोडा इकडंतिकडं होऊ शकते."

"होऊ दे. ब्लाउजला मी आतून कापड जास्तच सोडते," मी म्हटलं. "पुढं उसवून सैल करता येते."