बिनपापणीचे डोळे

माझे बाबा शिंपी. सुईत दोरा ओवताना हात चुकायला लागला, तेव्हा त्यांनी आधी दोऱ्याला शिव्या घातल्या, मग दिव्याला, मग चष्मेवाल्याला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी निदान केलं : डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल.

"तुझं नाक गेलं गं, चिंगे," एकदा जेवताना ते म्हणाले. "कान तेवढे शाबूत आहेत."

मी हसले नाही. त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं, बाबांचे डोळे मीच बरे करणार.

मी पेशींच्या प्रयोगशाळेत काम करते. कातडीची पेशी घ्यायची, ती कातडी आहे हे तिला विसरायला लावायचं, तिची मूळपेशी करायची. मूळपेशी म्हणजे अजून कुठल्याच कामाला न लागलेली पेशी. तिला चुचकारलं तर ती हृदय होते, हाड होते, डोळ्याचा पडदाही होते. आमच्या प्रमुख मॅडमनी बाबांच्या पेशी वापरायला परवानगी दिली, पण बजावलं, "डिशमध्ये वाढवणं वेगळं आणि माणसाच्या डोळ्यात घालणं वेगळं. त्यांना आशा लावू नकोस."

"नाही लावली," मी म्हटलं. लावली होती.

बाबांच्या दंडाची मसुराएवढी कातडी घेतली. पहिल्या खेपेच्या पेशी मेल्या. दुसऱ्या खेपेच्या भलत्याच वाटेला लागल्या आणि डिशमध्ये हृदयासारख्या धडधडू लागल्या. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा बिघडलं, पुन्हा केली. शेवटी एका सकाळी पेशींच्या करड्या गोळ्यांवर बारीक काळे ठिपके उमटलेले दिसले. डोळ्याच्या पडद्यामागे असतो तोच रंग. आनंदाने मी रिकाम्या व्हरांड्यात एक गिरकी घेतली.

घरी आले तर बाबा खुर्चीत ताठ बसले होते.

"सकाळपासून गुलाबी दिसतंय. पाण्यात बुडून वर बघावं तसं."

पेशींना आम्ही ज्या द्रवात ठेवतो तो गुलाबी असतो. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

अधू डोळ्यांना मेंदू खोटी चित्रं दाखवतो, हे मला माहीत होतं. तेच त्यांना समजावलं आणि स्वतःलाही. पण काही दिवसांनी ते म्हणाले, "ती हिरवी टोपी का घालतेस गं? ध्यान दिसतेस." ती टोपी मी फक्त प्रयोगशाळेत घालते. तेव्हा मात्र मी तपासायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत कुणी नाही असं बघून मास्क खाली केला, डिशवर वाकले आणि जीभ बाहेर काढून दाखवली.

संध्याकाळी चपला काढते न काढते तोच आतून आवाज आला.

"बापाला जीभ दाखवतेस? लाज आहे का?"

ते खदखदून हसत होते. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. भीती वाटलीच, पण भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी छातीत भरून आलं. बाबांना माझा चेहरा दिसला होता.

मग मी थांबलेच नाही. आणखी डिश लावल्या. रोज त्या डिशवर वाकून उभी राहायचे. खिडकीशी नेऊन झाड दाखवायचे, आकाश दाखवायचे. गोळे वाढत गेले, ठिपके वाढत गेले.

बाबांचं हसणं मात्र कमी झालं. घास हातातच राहायचा. भर दिवसा डोळ्यांना पंचा गुंडाळून बसायचे.

"खूप झालं गं," ते म्हणाले. "एकाच वेळी इतक्या जागांहून नाही बघवत. कुणी दिव्याखाली धरतं, कुणी नुसतं कपाटाचं दार उघडून जातं. मिटायला जावं तर या डोळ्यांना पापण्याच नाहीत."

"थोडी कळ काढा. मी यातूनच तुमचा डोळा..."

"मला झोप हवीय, चिंगे."

त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. इतका हट्ट धरून जे उभं केलं, ते तितक्याच हट्टाने मोडायचं मी ठरवलं. मॅडमना सांगितलं, पेशी बिघडल्यात, टाकून देते. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मान डोलावली.

सकाळच्या उन्हात सगळ्या डिश एका ओळीत मांडल्या. मास्क काढला, टोपी काढली. नीट दिसावं म्हणून केस मागे घेतले. मग एकेका डिशवर वाकून, पापणी न लववता, तिच्यात जंतुनाशक ओतलं. गुलाबी रंग उडाला. गोळे पांढरे पडून विरघळले. एकही मागे ठेवला नाही.

घरी पोचले तेव्हा बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. पंचा मांडीवर होता. चेहरा शांत होता.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"झालं, बाबा."

"हो. एकेक करत विझलं सगळं."

"बरं वाटतंय?"

त्यांची नजर नेहमीसारखी माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी होती. मग त्यांनी सावकाश हात उचलला आणि स्वतःची हनुवटी चाचपली.

"दाढी फार वाढलीय माझी," ते म्हणाले.

खोलीत आरसा नव्हता.

"आणि या बाजूचं बटण तुटलंय. कधी तुटलं गं?"

माझी नजर त्यांच्या सदऱ्याकडे गेली.

"हं. तेच," बाबा म्हणाले.

माझे डोळेही त्यांच्याच पेशींपासून झालेले. मी ते घट्ट मिटून घेतले.

खुर्ची करकरली. बाबांनी लांब श्वास सोडला.

"हां. आता कसं बरं वाटलं," ते पुटपुटले. "अशीच उभी राहा जरा. मला झोप लागेपर्यंत."