अजून थोडं मोठं

दुसऱ्या मजल्यावरून तक्रार आली, ‘मेल वाचता येत नाहीत.’ ती त्या प्रकाशनसंस्थेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारी. नेटवर्क बसलं असेल, असं समजून ती हत्यारांची पिशवी घेऊन धावत गेली. पाहते तो सगळं ठणठणीत!

“अक्षरं बारीक आहेत हो,” तो ओशाळून म्हणाला. तक्रार त्याचीच होती; तो तिथं मुद्रितं तपासायचा.

तिनं कंट्रोल दाबून माऊसचं चाक फिरवलं.

“एवढं पुरे?”

“अजून थोडं...”

उघडलेला मेल मोठा झाला, पण शेजारची यादी तशीच बारीक राहिली. तिनं सेटिंगमध्ये शिरून तीही वाढवली, पडद्याची पांढरी पार्श्वभूमी काळी केली. तो हसला. त्या हसण्यानं जिना उतरताना तिचा पाय चुकला.

मग त्याचे निरोप येतच राहिले.

“काय हो, मुद्दाम बिघडवता का?”

“बिघडवता आलं असतं तर... रोज बिघडवलं असतं.”

एके दिवशी मात्र तिची थट्टा ओठातच राहिली. त्याच्या पडद्यावर एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावत होते.

“डॉक्टर काय म्हणतात?” तिनं हळूच विचारलं.

“नजर कमी कमी होत जाणार. किती, ते त्यांनाही सांगता येत नाही. इथं कुणाला बोलू नका... नोकरी जाईल.”

“मी नाही बोलणार. पण तुम्ही बोला. चूक छापून गेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.”

त्या रात्री तिनं ताईला सगळं सांगितलं. ताई म्हणाली, “दया येते की माणूस आवडतो, एवढं आधी ठरव.”

“दिवसातून दोनदा चिडते मी त्याच्यावर. दयेपोटी कुणी चिडतं का गं?”

ताईनं तिच्या केसांवरून हात फिरवला.

आठवड्याभरानं त्यानं साहेबांना सांगितलं. नोकरी राहिली, मुद्रितं मात्र गेली. आता लेखकांशी फोनवर बोलायचं काम. ती आनंदानं वर गेली, तर तो खिडकीकडे तोंड करून बसलेला.

“उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी पाठवा,” तो म्हणाला.

“का? माझं काय चुकलं?”

“तुम्ही आलात की मी मेल बघतच नाही. तुम्हालाच बघतो... आणि आता तेही जाणार. कशाला जीव लावायचा?”

तिनं खुर्ची ओढली.

“इथून दिसते?”

“अंधूक.”

खुर्ची आणखी पुढे सरकली. गुडघ्याला गुडघा लागला.

“आता?”

त्याचा श्वास अडखळला. इतक्या दिवसांत तो तिला ‘तुम्ही’च म्हणत आला होता.

“आता... दिसतेस.”

“मग मी इथेच बसते,” ती म्हणाली. आणि त्याचा हात हातात घेऊन बसून राहिली.