हॅलिफॅक्स सोडून

डब्लिनमध्ये, ब्लँचर्डस्टाउनला जाणाऱ्या बसच्या वरच्या मजल्यावर, एका ओल्या शनिवारी, एका गोऱ्या पोरानं गंधार देवस्थळीला विचारलं, शेजारी बसू का? गंधार आपल्याच नादात होता. "बसा, बसा," म्हणाला आणि सरकला.

पोरगा बसला. आयर्लंडमध्ये परक्या माणसाशी कुठल्याही भाषेत काहीही बोललं तरी तो पावसाबद्दलच बोलतोय असं धरून चालतात, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते मागच्या बाकावर. तिथे मुक्ता परचुरे बसली होती, आणि 'बसा, बसा' ऐकून तिनं हातातलं मासिक मिटलं.

पोराच्या पाठपिशवीवर कॅनडाचं लाल पान शिवलं होतं. गंधारनं इंग्रजीत विचारलं, कॅनडात कुठे? "टोरांटो," एवढं बोलून पोरानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, आणि दोन स्टॉपनंतर तो उतरून गेला.

"अमेरिकन होता," मागून मराठीत आवाज आला.

गंधार वळला. वळल्यावर काय बोलायचं होतं ते विसरला. "पान... होतं की त्याच्याकडे."

"पान विकत मिळतं. इराकचं युद्ध झाल्यापासून निम्मी अमेरिका पान शिवून हिंडतेय. टोरांटोचा माणूस टोरांटो म्हणताना मधली अक्षरं गिळतो. यानं सगळी मोजून दिली."

"तुम्ही पोलिसात आहात का?"

"प्रिंटरमध्ये. कॅनडात कुणाचा प्रिंटर बिघडला की फोन मला येतो."

"मग कॅनडा बघितलाच असेल."

"एकदाही नाही. ऐकलाय फक्त."

गंधारनं तिच्याकडे जरुरीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं. "मला उन्हाळ्यात जायचंय तिकडे," तो म्हणाला. "कुठलं शहर बघण्यासारखं आहे?"

"तुमचा स्टॉप कुठला?"

"तुमचा?"

"शॉपिंग सेंटर."

"मग... माझाही तोच."

तो त्याचा स्टॉप नव्हता. पावसात बराच मागे चालत जावं लागलं त्याला, पण हे मुक्ताला पुष्कळ नंतर कळलं. तोवर ते एकमेकांना अरे-तुरे करू लागले होते.

दर शनिवारी शॉपिंग सेंटरमधल्या एका कॉफीच्या दुकानात कॅनडातल्या शहरांची तुलना चाले. दोघांपैकी कुणीच तो देश पाहिलेला नाही, अशी मुक्ताची समजूत होती, आणि चर्चेला त्यामुळे बहरच येत होता.

"व्हँकुव्हर?" तो विचारी.

"समुद्र आणि पाऊस. त्यापेक्षा इथंच बाहेर उभा राहा."

"माँट्रियल?"

"कौतुक फ्रेंचमध्ये करतात, तक्रार इंग्रजीत. मला त्यांचं फ्रेंच अजून ऐकायला मिळालेलं नाही."

"विनिपेग?"

"फार सोशिक माणसं. अर्धा तास फोनवर थांबवलं तरी थँक्यू म्हणतात. हिवाळ्यात त्यांना दुसरं काही करायलाही नसतं म्हणा."

"न्यूफाउंडलंड?"

"तिथल्या एका म्हाताऱ्याचा फोन चुकून शेजारच्या टेबलावर गेला. तिथं बसणाऱ्या आमच्या वॉटरफर्डच्या आयरिश बाईनं त्याला विचारलं, तुम्ही आमच्याच गावचे का?"

मग ती एकेका गावचा आवाज काढून दाखवी आणि तो गाव ओळखी. चुकेल त्यानं कॉफी पाजायची. गंधार न चुकता चुके. पुढे पुढे तर तो इतका चुकायला लागला की मुक्ता आवाज काढताना त्याच्याकडे बघायचीच नाही... बघितलं की तिचाच आवाज बिघडायचा. परतताना वारा छत्र्या उलट्या करी, आणि तो वाऱ्याच्या बाजूनं चालू लागे.

"हॅलिफॅक्स राहिलं," एकदा ती म्हणाली.

"नको. धुकं असतं."

"आणि इथं?"

"ते... घरचं धुकं."

मुक्ता हसली. त्याच्या यादीतून हॅलिफॅक्स असंच दरवेळी गळे. कधी धुकं, कधी माशांचा वास, कधी लांब पडतं म्हणून. खरं तर आयर्लंडहून सगळ्यात जवळ पडणाऱ्यांपैकी ते एक. पण प्रेमात पडलेल्या माणसाचं लक्ष भूगोलाकडे असतंच असं नाही.

मुक्ताच्या बरोबर राहणारी पूर्णिमा हॉस्पिटलात डॉक्टर होती, आणि निदान उशिरा करणं तिच्या स्वभावात नव्हतं. "अजून कॅनडाच चाललाय तुमचा?" ती विचारायची. "लग्नाचा देश कुठल्या महिन्यात येतो?"

जुलैत गंधार पंधरा दिवस जाऊन आला. टोरांटो पाहिलं म्हणाला. आणलं मात्र काहीच नव्हतं, फोटोसुद्धा नाही.

हिवाळ्यातल्या एका शनिवारी त्यानं तिला घरी जेवायला बोलावलं. नागपूरहून आईनं पाठवलेली भाजणी होती. तो पीठ मळत होता, ती ओट्याला टेकून कांदा चिरत होती, आणि खिडकीवर पाऊस टिचक्या मारत होता.

"मुक्ता, मला तुला एक सांगायचंय..."

"सांग की."

"थांब. नीट सांगतो."

तेवढ्यात फोन वाजला. त्याचे हात मनगटापर्यंत पिठात. "घे जरा," तो म्हणाला, "ऑफिसचा सतीश असेल."

सतीश नव्हता. "हाय," एका लहान मुलीचा आवाज आला. "इज बाबा देअर? माय टूथ केम आऊट."

बाबांना द्यायचाय का फोन, मुक्तानं इंग्रजीत विचारलं. मुलगी "या", म्हणजे हो, म्हणाली, पण श्वास बाहेर सोडत नव्हे, आत ओढत.

असं आत ओढलेलं 'हो' आयर्लंडमध्ये गल्लोगल्ली ऐकू येतं. पूर्णिमानं तर पहिल्याच आठवड्यात अशा एका आजीबाईंना ऑक्सिजन लावायची तयारी केली होती. पण या मुलीचं 'आऊट' आयरिश नव्हतं. ते कॅनडाचं होतं. कॅनडाचं 'आऊट' आणि आत ओढलेलं 'हो' एकाच तोंडात नांदतात ते पार पूर्वेच्या किनाऱ्यावर, आणि तिथलंच एक गाव गंधारच्या यादीतून दरवेळी गळत होतं. मुक्ताला हे कळायला एका श्वासाएवढाही वेळ लागला नाही. लागला असता तर बरं झालं असतं.

"हॅलिफॅक्सहून फोन आहे," ती म्हणाली.

गंधार पिठाचे हात तसेच वर धरून उभा राहिला. मुक्तानं फोन त्याच्या कानाला लावला आणि धरून ठेवला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तिचं मनगट त्याच्या गालाला लागत होतं. वर्षभरात इतकं जवळ ती पहिल्यांदाच उभी होती, आणि दोन्ही बाजू तिला स्वच्छ ऐकू येत होत्या.

"मृणू? दात पडला? कुठला गं, वरचा की खालचा?"

"या," आत ओढलेला श्वास.

"रक्त कितीसं आलं?"

"...या. इट्स इन अ कप."

"उशीखाली ठेव हं, बाळा."

"ओके बाबा. बाय."

तो हसत होता. डोळे भरलेलेच होते, तरी हसत होता. मुक्तानं फोन ओट्यावर ठेवला.

"आज सांगणारच होतो," तो म्हणाला.

"पिठात हात घालून?"

"पळून जाता येत नाही म्हणून."

मग त्यानं सांगितलं. हॅलिफॅक्सला तो पाच वर्षं होता. चित्रा नावाची बायको होती, आता नव्हती. भांडण असं नाही, दोघं नुसते थकले. कंपनी बंद पडली, नोकरी डब्लिनला मिळाली. "नकाशात बघितलं तर मध्ये फक्त समुद्र होता. म्हटलं, जवळच आहे. मृण्मयीला शाळेत मिनी म्हणतात. मला ती जुलैत पंधरा दिवस मिळते."

"मग मला वर्षभर व्हँकुव्हर, विनिपेग कशाला विचारत बसलास?"

"एकाच गावाचं विचारलं असतं तर... तू त्याच दिवशी बोलून मोकळी झाली असतीस, पुढचे शनिवार उरले नसते." तो थांबला. "मुक्ता, मी इथंच राहणार आहे आता. तू हो म्हणालीस तर आपण..."

या वाक्याची ती कित्येक शनिवार वाट बघत होती. कुठली साडी, पूर्णिमाला आधी सांगायचं की आईला, इथवर तिचं ठरलेलं होतं. तोंडातून मात्र भलतंच आलं.

"तिला तुझं मराठी कळत नाही रे."

"कळतं. बोलत नाही एवढंच. लाजते."

"वरचा की खालचा विचारलंस, तर हो म्हणाली. रक्त कितीसं, तरी हो. गंधार, मी दिवसभर हेच ऐकते. ज्याला कळलेलं नसतं तोही हो म्हणतो, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. तिला तुझा सूर कळतो अजून. शब्द गेलेत."

तो नळाखाली हात धूत राहिला. पीठ केव्हाच निघालं होतं.

"मग तूही चल तिकडे," तो पाठमोराच म्हणाला.

"माझे कॅनडाचे कागद व्हायला वर्षं जातील. तू थांबशील माझ्यासाठी. थांबशीलच, मला माहिती आहे. आणि ती सहा वर्षांची आहे... ती नाही थांबणार."

"मी पुढे जातो. तू मागून ये."

यात काहीच अशक्य नव्हतं. पण मग तो हॅलिफॅक्सला उतरला असता तो मुक्ताची वाट बघणारा माणूस म्हणून. लक्ष दुसरीकडे ठेवून, विमानतळाकडे तोंड करून बसलेला बाप त्या मुलीला एकदा मिळून चुकला होता.

"मला थंडी सोसत नाही," मुक्ता म्हणाली.

धडधडीत खोटं होतं. भर जानेवारीत ती त्याच्या स्वयंपाकघरात बिनबाह्यांच्या कुडत्यात उभी होती. गंधारनं तिच्या उघड्या हातांकडे बघितलं, आणि गॅसवर तवा ठेवला. त्याला ते खोटं हवं होतं. ते हवं असलेलं तिला दिसलं, आणि त्या दिवसातलं सगळ्यात जास्त दुखलं ते एवढंच.

मग दोघांनी थालीपीठं खाल्ली. चांगली झाली होती.

वसंतात तो गेला. विमानतळावर मुक्ता गेली नाही. प्रिंटर फार बिघडलेत म्हणाली. नंतर तिनं टीम लीडरकडे कॅनडा सोडून दुसरा कुठलाही देश मागितला. ऑस्ट्रेलिया मिळाला. तिथलेही प्रिंटर बिघडतच होते. पूर्णिमानं थट्टा बंद केली, आणि ते मुक्ताला थट्टेपेक्षा जड गेलं.

शरद ऋतूत एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"कशी आहेस?"

"ग्रँड," मुक्ता म्हणाली. आयर्लंडमध्ये पाय मोडलेला माणूसही हेच म्हणतो. "तू?"

"इथं... बरं चाललंय. घर तिच्या शाळेजवळच घेतलंय. मुक्ता, मी रोज..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. मागून पावलं धावत आली, आणि अगदी फोनजवळ तोच आवाज आला.

"बाबा, कोण आहे?"

उच्चार भयंकर होता. 'ण'चा पार भुगा झालेला, 'आहे' दोन तुकड्यांत. पण प्रश्न मराठीत होता, आणि विचारून झाल्यावर ती मुलगी उत्तराची वाट बघत उभी होती. या वेळी तिला उत्तर कळणार होतं.

मध्ये सगळा समुद्र होता आणि गंधारचा श्वास ऐकू येत होता.

इथली माणसं फोन ठेवताना करतात तसं मुक्तानं केलं. "बाय, बाय, बाय, बाय..." म्हणत, आवाज लहान लहान करत, तिनं फोन ठेवला. त्याला उत्तर द्यायला लागायच्या आत.