मॅलकीचा गुडघा

“मॅलकी! अरे मॅलकी, गाई रस्त्यावर गेल्या रे!”

आईची ती आर्त हाक कानावर पडली आणि चहाचा मग तसाच टेबलावर आदळून मॅलकी बाहेर धावला. फाटक सताड उघडं... सगळं खिल्लार रस्त्यावर, आणि त्यांच्यासमोर करकचून थांबलेली ती मोठी बस! काउंटीच्या संघाची बस! आज दुपारी डब्लिनला, हातांनी नि पायांनी खेळायच्या आयरिश फुटबॉलच्या चषकाचा अंतिम सामना होता, आणि काउंटीच्या जर्सीतला कॉनलचा, म्हणजे मॅलकीच्या धाकट्या भावाचा, हा शेवटचाच खेळ. छत्तिसाव्या वर्षी तो निवृत्त होत होता.

तेवढ्यात हॉर्नच्या आवाजाने बिथरलेली एक कालवड दलदलीकडे उधळली. तिथे रुतलेलं जनावर हाती लागत नसे... मॅलकीने कसलाच विचार केला नाही. तो वाऱ्यासारखा धावला, छातीएवढ्या दगडी गडग्यावर एक हात टेकवून पलीकडे झेपावला आणि ऐन दलदलीच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून त्याने तिला माघारी फिरवलं! बसमधल्या पोरांनी खिडक्या बडवत एकच गिल्ला केला.

“अरे, या बाबाला जर्सी द्या कुणीतरी!”

“आपल्या आघाडीच्या खेळाडूंपेक्षा जोरात पळतोय की!”

मॅलकी हसला... आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या काळजात धस्स झालं. तो लंगडायला विसरला होता!

कितीतरी वर्षांपूर्वी, वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला त्याच वसंतात, काउंटीच्या निवड चाचणीचं बोलावणं दोघाही भावांना आलं होतं. मॅलकीचा खेळ कॉनलहून सरस, असं सारा गाव म्हणत असे. पण रोज संध्याकाळी गोठ्यात दूध कोण काढणार? आणि संघात जागा एकच होती; निवड झाली नाही तर कॉनल ऑस्ट्रेलियाला निघून जाणार होता... आईचं व्याकुळ अंतःकरण तो विरह सोसू शकलं नसतं! तेव्हा मॅलकीने हसत हसत सांगून टाकलं, “माझा गुडघा गेलाय. कॉनल, तूच जा.”

पुढे एका पराभवानंतर, भरल्या पबमध्ये, मॅलकीने त्याची एक चूक दाखवली म्हणून कॉनल तडकून म्हणाला होता, “गुडघ्याचं नाव कशाला सांगतोस? काळीज लंगडं आहे तुझं!” त्या शब्दांनी मॅलकीचं हृदय विदीर्ण झालं, पण ओठांवर आलेलं सत्य त्याने गिळलं. तेव्हापासून भावाभावांत ‘हो-नाही’पलीकडे बोलणं उरलं नव्हतं, आणि कॉनलचे सामने मॅलकी गोठ्यातल्या रेडिओवर ऐके.

आता कॉनल बसमधून उतरून समोर उभा होता. चेहरा पांढराफटक!

“गुडघा कुठाय तुझा?”

“आहे की... जागच्या जागी.”

“थट्टा करू नकोस, मॅलकी! खरं सांग!”

उत्तर दिलं ते मागून आलेल्या फिलोमिनाने, त्यांच्या आईने.

“तो काय सांगणार? कधी उजवा गुडघा धरायचा, कधी डावा! आईला कळत नाही होय रे? पण त्याने पदरात घातलेलं सुख मी मुकाट्याने घेतलं... तू माझ्या डोळ्यांसमोर राहिलास ना, म्हणून! पापीण आहे मी!”

“आई, तू रडू नकोस,” मॅलकी पुटपुटला.

“एवढी वर्षं...” कॉनल म्हणाला. “आणि मी तुला... चारचौघांत...”

बसचा हॉर्न कर्कशपणे वाजला. कॉनलने डोळे पुसले. “मैदानावर ये. आला नाहीस तर मी आत पाऊल टाकणार नाही!” एवढं बोलून तो धावत बसमध्ये चढला.

“गाडी काढ,” आई म्हणाली. “संध्याकाळचं दूध शेजारचा टियर्नी बघेल.”

डब्लिनच्या त्या विराट मैदानात मॅलकी आईशेजारी बसला. रेडिओवर हा गजर कधी एवढा छातीत घुमला नव्हता! सामना जीवघेणा झाला. चेंडू हातांतून पायावर, पायावरून पुन्हा हातांत. गोलाच्या आडव्या दांडीवरून मारला की एक गुण, इकडे एक, तिकडे एक... आणि शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत!

इतक्यात कॉनलने उंच उडी मारून चेंडू झेलला. दोघांना चकवून तो गोलासमोर आला. शेवटचा सामना, शेवटचा क्षण, सारी काउंटी उभी राहून ओरडत होती, “मार, कॉनल, मार!” पण तिसरा बचावपटू त्याच्यावर चालून येत होता, आणि डावीकडे एक नवखा पोरगा मोकळा होता.

“डावीकडे!” मॅलकी बेभान होऊन किंचाळला. “दे त्याला!”

त्या कोलाहलात ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण ज्या कॉनलने समोर गोल दिसत असताना जन्मात कुणाला चेंडू दिला नव्हता, त्याने मुठीने तो अलगद त्या पोराकडे टोलवला... आणि पोराने दांडीवरून भिरकावला! शिट्टी वाजली! जिंकले!

आई शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडत होती. मॅलकी कठड्याशी पोचला तेव्हा कॉनल चिखलाने माखलेला, गर्दी कापत त्याच्याकडेच येत होता. त्याने भावाला मिठी मारली ती सुटेचना.

“मला क्षमा कर, मॅलकी. तुझं आयुष्य मी खेळलो रे!”

“वेडा आहेस. चांगला खेळलास... म्हणून तर माझं दुःख हलकं झालं.”

“उद्यापासून संध्याकाळचं दूध मी काढणार.”

“तू? गाईच्या कुठल्या बाजूला बसायचं तेही विसरला असशील!”

“शिकेन. आणि तू गावच्या क्लबच्या दुसऱ्या संघात खेळायचंस. मी सांगतो प्रशिक्षकाला.”

“अरे, एकोणचाळीस वर्षांचा घोडा मी!”

“त्यांच्या गोलरक्षकाला नातू झालाय, मॅलकी!”

आणि दोघेही हसले... डोळ्यांतल्या धारा न पुसताच हसले!

पंधरवड्याने गावच्या मैदानावर, मोजून तीसेक प्रेक्षकांसमोर, मॅलकी धाप टाकत धावत होता. पहिला चेंडू त्याच्या हातून निसटला, दुसरा पायातून. तिसरा उंच आला. तो झेपावला, हवेतच झेलला, गर्रकन वळला, आणि डाव्या पायाने मारलेला चेंडू दांडीवरून थेट पलीकडच्या मेंढ्यांत जाऊन पडला!

रेषेवर गोठ्यातले बूट घालून उभा असलेला कॉनल टोपी उडवून लहान मुलासारखा नाचत होता. ज्याच्या सहीसाठी पोरं रांगा लावत, तो आज दिसेल त्याचा दंड धरून, घसा फुटेस्तोवर ओरडत होता,

“पाहिलंत? पाहिलंत का? माझा मोठा भाऊ आहे तो!”