मागून येणारा आवाज

आत्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर आवाज राहील, पण हाच राहील असं नाही. म्हणून तिची गाणी आधीच रेकॉर्ड करून ठेवायची ठरली. घरात हे काम येणारा मी एकटाच. लिफ्टमध्ये वाजणारं संगीत मी बनवतो. ते कोणी ऐकत नाही, म्हणजे मी चांगलं बनवतो.

आत्याला कपड्यांच्या कपाटात बसवलं. कोटांमुळे आवाज घुमत नाही.

"मेल्या, जिवंतपणीच कपाटात कोंबलंस," म्हणत तिने सुरुवात केली. पेरणीचं जुनं गाणं, तिच्या आईकडून आलेलं. त्याखाली मी हलकेच इलेक्ट्रॉनिक सूर सोडले.

"मागे फ्रिज गातोय का रे?"

"सिंथ आहे, आत्या."

"असू दे. सुरात आहे मेला."

मग ती चहा टाकायला गेली. मी हेडफोन लावला. गाणं सुरेख आलं होतं. फक्त दोनदा आलं होतं. तोच आवाज, तेच शब्द. एक पुढे, दुसरा अर्धा श्वास मागे. आमच्या कामात अशाने कोणी घाबरत नाही. मागून येतो तो प्रतिध्वनी, तो पुसायचा. कोटांनी भरलेल्या कपाटात प्रतिध्वनी कुठून येणार, हे मला कळत होतं. पण हाताला सवय. मागचा आवाज पुसला.

स्वयंपाकघरातली गुणगुण थांबली.

आत्या दारात आली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिने घसा चाचपला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पुसलेलं परत आणायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिलो.

पडद्यावर पुढचा आवाज तेवढा होता. मागचा परत आला नाही.

"साखर किती घालू?" खोलीत आत्याच्याच आवाजात ऐकू आलं, तिचे ओठ मिटलेले असताना. स्वच्छ, गोड.

आत्याने मान डोलावली, जणू तिलाही तेच विचारायचं होतं.

"एक चमचा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. गाठ नव्हती. बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, तिथेच रडले, मग पार्किंगवाल्याशी भांडून सावरले.

घरात सगळे खूश आहेत. आत्या आता दिवसभर गाते.

पाणी पितानाही.