केजाला बोलवायचं राहिलं

हरेलीच्या सणाला, पावसाळ्यातल्या अवसेला, रात्री पावणेअकराला हे सुरू झालं. अंधार पडला की बुधराम कका गावच्या पोरांना सांगतात ती त्यांच्या सख्ख्या भाच्याची, दुकालूची गोष्ट.

त्या रात्री सरकारी दवाखान्यात दुकालूला मुलगा झाला. बायकोनं, फिरतीननं, आधीच ठणकावलं होतं, "पहिलं पोर केजासुईणीच्या हातात गेलं. हे दवाखान्यातच." दुकालूची आई कबूल झाली, पण अट घालून. वार घरी आणून घरातच पुरायची, नाहीतर पोर जन्मभर भटकतं. "दवाखान्याच्या खड्ड्यात टाकायला माझा नातू काय मांजराचं पिल्लू आहे?"

म्हणून दुकालूनं वार मडक्यात घेतली, वर फडकं बांधलं आणि सायकल काढली. नर्सबाई हसली. "जा बाबा, म्हातारीचा हुकूम! पोराची काळजी सोड. नाळेला चिमटा लावलाय, पक्का."

रस्ता तळ्याच्या पाळीवरून. हरेलीच्या रात्री भूतबाधा आत येऊ नये म्हणून दारोदारी कडुलिंबाच्या डहाळ्या खोचलेल्या. एकाच दारावर नव्हती. ते केजाचं घर, ती चैतात मेली तेव्हापासून बंद. दोन पिढ्यांच्या नाळा तिनं कापलेल्या, काळ्या दोऱ्यानं तीन वेढ्यांची गाठ मारून. दवाखान्याची गाडी बायकांना न्यायला लागली तशी ती दारात बसून बोलायची, "न्या गं न्या! नर्सबाईचे हात बर्फाचे. माझी ऊब आठवेल तुम्हाला." तरी पिशवी भरून ठेवायची, कुणी बोलावेल म्हणून. कुणी बोलावलं नाही.

तिच्या दारासमोर सायकल जड झाली. मागं कुणी बसावं तशी.

"दुकालू... काय झालं रे?"

आवाज ओळखीचा. तोंडून निघूनच गेलं, "मुलगा."

"नाळ कुणी कापली?"

"नर्सबाईनं."

बेडूक गप्प झाले.

"गाठ कुणी मारली?"

दुकालूनं पायडल जोरात मारलं.

"तुझ्या बापाची मी मारली... तुझी मी... मग याची...?"

त्यानं सायकल टाकली. मडकं छातीशी धरून पळाला. घरी आला. मायलेकांनी वार पुरली, माती दाबली. मग त्याच्या ध्यानात आलं.

वार घरी आली होती. पोर तिकडेच होतं, गाठीवाचून.

तो उलट पळाला. पाळीवर सायकल एकटीच पडलेली. मागं काही नाही. केजाचं दार... उघडं.

दवाखान्यात पोर झोपलं होतं. श्वास चालू. फिरतीन अर्धवट झोपेत म्हणाली, "उगाच बोलायची हो केजा. या नर्सबाईचे हात किती ऊबदार!"

नर्सबाई दारातून म्हणाली, "मी? मी तर पलीकडच्या बाळंतिणीजवळ होते."

दुकालूनं दुपटं बाजूला केलं. चिमटा उशाशी पडला होता. नाळेला काळा दोरा. तीन वेढ्यांची गाठ. केजाची.

पोर आता शाळेत जातं. कका शेवटी सांगतात, आपल्या गावच्या बायका दवाखान्यातच जातात, तुमच्या घरातलीही जाऊ दे. फक्त गाडी केजाच्या दारात थांबवून एवढं म्हणा, "सुईणदाई, तूही चल." जिचे दिवस भरलेत तिच्या कानावर हे घाला.