आत्याची पाचवी गोगलगाय

"चारच आहेत!" काचेच्या टाकीला नाक चिकटवून मधला भाऊ ओरडला. घरात सगळे त्याला खवचटच म्हणायचे. "पाचवी कुठे गेली?"

"वाळूत असेल रे," ताई जांभई देत म्हणाली. "इथे सगळे झोपलेलेच असतात."

खोटं नव्हतं ते. सुट्टीत समुद्रावर हुंदडायला म्हणून आलेली ही तीन भावंडं आठवडाभर आत्याच्या प्रयोगशाळेत पेंगत होती. आत्या सकाळी सातला कामावर यायची आणि दिवेलागणीला पाय ओढत निघायची. तिचं काम शंकूसारख्या शंखाच्या विषारी गोगलगायींवर. ती माशाचा तुकडा लावलेली नळी पुढे धरायची. गोगलगाय सोंड काढून भाल्यासारखा दात मारायची, की विषाचा थेंब नळीत!

"या विषावर उतारा नाही," आत्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "टोचलं तर माणूस जाऊ शकतो. पण अशाच एका जातीच्या विषावरून भयंकर दुखण्यावरचं औषध निघालंय. आणखी निघतील." एवढं सांगेपर्यंत तिनं दोनदा डोळे चोळले.

शेंडेफळ, म्हणजे सगळ्यांत धाकटी, लांब चिमट्यानं वाळू उकरून थकली. पाचवी नव्हतीच!

तेवढ्यात टाक्या धुणारे बादलीकाका आले. जोडीदार रजेवर, त्यामुळे दोघांचं काम एकट्याच्या पाठीवर. दमलेला माणूस लबाड नसतो, पण तो नीट बघतही नाही.

"मेली ती," काका म्हणाले. "चार दिवस जागची हलली नाही. सकाळी काढली नि मागच्या दाराशी रिकाम्या शंखांच्या टोपलीत टाकली. त्यात काय एवढं? पळा, फरशी ओली आहे."

मोठ्यांना 'तुम्ही चुकलात' म्हटलं की त्यांचे कान बंद होतात. शेंडेफळाला हे दहाव्या वर्षीच कळलं होतं.

"अय्या काका, मग केवढी घाण सुटली असेल ना!" ती नाक दाबत म्हणाली. "तुम्ही कशी हो काढली?"

"घाण कसली? जराही वास नव्हता!" काका ऐटीत म्हणाले.

"चार दिवस मेलेली, आणि वास नाही?" खवचट म्हणाला. "कमालच आहे!"

"काका," ताई उठून उभीच राहिली, "चारच दिवसांपूर्वी, शुक्रवारी, तिनं आमच्यासमोर अख्खा मासा गिळला. ती मेली नव्हती, जेवून झोपली होती!"

काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते मागच्या दाराकडे धावले. टोपली रिकामी!

"शिंपलेवाली घेऊन गेली," काका कसेबसे बोलले. "आज तिचा वार. ती शंखांना भोकं पाडून किल्ल्यांना लावायच्या साखळ्या करते. एकेक शंख मुठीत धरून!"

"तुम्ही वर जाऊन आत्याला आणा!" ताई ओरडली. "आम्ही तिच्या दुकानात जातो!"

दुकान रस्त्याच्या टोकाला, पाण्याला लागूनच. उन्हात पळून तिघांच्या पायांत गोळे आले. शिंपलेवाली स्टुलावर बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, आणि एक हात कोपरापर्यंत कापडी पिशवीत!

"हात काढा!" खवचट किंचाळला.

"हळू रे मेल्या! दुकान माझं, पिशवी माझी. तू कोण सांगणारा?" हात तसाच.

ताईनं खवचटाच्या पायावर पाय दिला. "मावशी, आम्हाला अख्खी पिशवी हवी. पण हात फिरलेला माल नको, हं!"

"अख्खी?" मावशीचे डोळे टक्क उघडले आणि हात झटकन बाहेर आला.

खवचटानं झाडूचा दांडा पिशवीच्या बंदांत अडकवला. शेंडेफळानं टब भरून समुद्राचं पाणी आणलं. ताईनं दुसऱ्या काठीनं तळ उचलून पिशवी टबात उलटी केली. चाळीस शंख, सगळे निपचित!

"आता?" खवचट कुजबुजला.

शेंडेफळानं शेजारच्या कोळणीकडून आणलेला माशाचा तुकडा दोरीला बांधून पाण्यात सोडला. मावशी कुरकुरायला तोंड उघडणार, एवढ्यात तळाशी एका शंखाच्या टोकातून इवलीशी नळी बाहेर आली आणि वास घेत माशाकडे वळली!

"विषारी आहे ती, टोचली तर माणूस मरतो!" खवचट म्हणाला. मावशी स्टुलासकट मागे सरकली.

धापा टाकत आत्या आली, मागे बादलीकाका. तिनं चिमट्यानं गोगलगाय उचलून डब्यात ठेवली आणि पायरीवर मटकन बसली.

"माझी चूक झाली, बाई," काका मान खाली घालून म्हणाले.

"दोघांचं काम एकट्यावर टाकणाऱ्यांचीही झाली," आत्या म्हणाली. "आणि टाकीवर पाटी न लावणारीची, म्हणजे माझीही." मग तिनं तिघांकडे पाहिलं. "शिकलेसवरलेले आम्ही पेंगत होतो. जाग होती ती तुम्हाला. शाबास!"

मावशी आपल्या हाताकडे बघत होती. सांधे सुजलेले, बोटं वाकडी. "हिच्या विषातून दुखण्यावर औषध निघतं म्हणे. माझ्या बोटांना कधी?"

आत्या खोटं बोलली नाही. "वेळ लागेल, मावशी. कदाचित माझेही केस पिकतील."

"मग राहू दे." मावशीनं तीन शंख पुसले, आरपार डोकावून दोनदा झटकले आणि एकेकाच्या तळहातावर ठेवले. "दुखू दे मेलं. दुखायला हात शिल्लक राहिलाय, तो या पोरांमुळे."